पाच वर्षांचे मूल नेमके कोणत्या खात्याचे? छत्तीसगडमध्ये पायाभूत शिक्षणाची कसोटी

रायपूर : छत्तीसगडमध्ये जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि गावोगावी ‘शाला प्रवेशोत्सव’ साजरा होतो. मुलांच्या कपाळी टिळा लागतो, हाती पुस्तके आणि गणवेश येतो, लोकप्रतिनिधींची भाषणे होतात. या सोहळ्यात एक प्रशासकीय घटनाही घडत असते. कालपर्यंत महिला व बालविकास विभागाच्या नोंदवहीत असलेले मूल त्या दिवशी शालेय शिक्षण विभागाच्या पटावर येते. मूल तेच, गाव तेच, अनेक ठिकाणी आवारही तेच असते. त्याच्या शिक्षणाला जबाबदार असणारे खाते मात्र बदलते. राज्यातील प्रारंभिक शिक्षणाचे यशापयश या हस्तांतराशी किती घट्ट बांधलेले आहे, हे गेल्या काही वर्षांतील घडामोडींवरून स्पष्ट होत आहे.

केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि साधे अंकगणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी 2026-27 हे शैक्षणिक वर्ष ही मुदत ठरविण्यात आली. मुदत जवळ आली असताना रायपुरात चर्चा आहे ती निधीची, पुस्तकांची, सर्वेक्षणांतील क्रमांकांची. या कामात गुंतलेल्या संस्था परस्परांशी कशा जोडल्या गेल्या आहेत, हा प्रश्न त्यामानाने मागे पडतो.

या संस्थांची संख्या थोडी नाही. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकांचा मजकूर आणि शिक्षक प्रशिक्षण हे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एससीईआरटीचे काम. पुस्तके छापून पोहोचविण्याची जबाबदारी छत्तीसगड पाठ्यपुस्तक निगमाची. निधी आणि अभियाने समग्र शिक्षा कार्यालयाकडे. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या लोक शिक्षण संचालनालयाकडे. तीन ते सहा वयोगटातील बालके महिला व बालविकास विभागाच्या अंगणवाड्यांत, आणि त्यांच्या निरक्षर आयांना अक्षरओळख करून देण्याचे काम राज्य साक्षरता मिशन प्राधिकरणाकडे. त्याखाली जिल्ह्यांतील ‘डाएट’, विकासखंडांची स्रोत केंद्रे आणि संकुल समन्वयक. शिवाय युनिसेफ, अझीम प्रेमजी फाउंडेशन, प्रथम, लँग्वेज अँड लर्निंग फाउंडेशन, रूम टू रीड अशा बाहेरच्या भागीदार संस्था आहेतच.

सहकार्याची ही परंपरा राज्याइतकीच जुनी आहे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी मध्य प्रदेशातून वेगळे झालेल्या या राज्यापाशी स्वतःची पाठ्यपुस्तके नव्हती. ती तयार करताना रायपूरच्या परिषदेने होशंगाबादच्या विज्ञान प्रयोगामुळे ख्यात झालेल्या ‘एकलव्य’ची आणि उदयपूरच्या विद्या भवन सोसायटीची मदत घेतली. शिक्षक पदविकेचा अभ्यासक्रमही अशाच एकत्रित कामातून उभा राहिला. सरकारी संस्थेने बाहेरच्या अभ्यासकांना केवळ सल्लागार म्हणून न बोलावता लेखनाच्या टेबलावर बसविले, हे त्या काळात अन्य राज्यांत सहसा घडत नव्हते. आजही रायपूरमधील शिक्षण प्रशासनात बाहेरच्या संस्थांविषयी जो मोकळेपणा जाणवतो, त्याची मुळे तिथे आहेत. मोकळेपणाची दुसरी बाजू अशी की भागीदार बदलला किंवा सचिव बदलला की उपक्रमाचे नावही बदलते आणि खालच्या शिक्षकाला नवे प्रपत्र भरावे लागते.

बालवाडीचा प्रयोग

अंगणवाडी आणि बालवाडी हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला घरचे वाटतील आणि ते तसे आहेतही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मुलांना शाळेत आणता येत नसेल तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार होता. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा हा शब्द देशभर गेला. मात्र तो जाताना त्यातील शिक्षणाचा भाग मागे राहिला आणि पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांनी अंगणवाडी सेविकेचा दिवस भरून गेला.

छत्तीसगडमध्ये 50 हजारांहून अधिक अंगणवाडी केंद्रे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला, तेव्हा या केंद्रांतील शेवटच्या वर्षाचे काय करायचे, हा प्रश्न सर्वच राज्यांसमोर आला. छत्तीसगडने त्यावर एक मधला मार्ग काढला. तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी 5 सप्टेंबर 2022 रोजी, शिक्षकदिनी, बालवाडी योजनेचा प्रारंभ केला. ज्या अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आहेत, तेथे पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळापूर्व वर्ग सुरू झाले. पहिल्या टप्प्यात अशा पाच हजारांहून अधिक बालवाड्या निश्चित करण्यात आल्या. अंगणवाडी सेविका आणि शाळेतील एक सहायक शिक्षक मिळून वर्ग चालवतील, शिक्षकाला त्यासाठी वेगळे मानधन मिळेल, खेळांचे साहित्य शिक्षण विभाग देईल, अशी ही रचना.

कागदावर ही योजना नेटकी आहे, कारण ती नवी इमारत मागत नाही आणि नवे पद निर्माण करीत नाही. तिची अडचणही नेमकी तीच आहे. सेविकेची नेमणूक, मानधन आणि पर्यवेक्षण महिला व बालविकास विभागाचे. तिचा वरिष्ठ पोषणाचे आकडे मागतो. सहायक शिक्षकाचा वरिष्ठ मुलांच्या चाचण्यांचे आकडे मागतो. बालवाडीतील मूल या दोघांच्याही अहवालात दुय्यम ठरू शकते. केंद्रातही हीच विभागणी आहे. शिक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये ‘विद्या प्रवेश’ हा तीन महिन्यांचा कार्यक्रम, ऑक्टोबर 2022 मध्ये पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच आणला. महिला व बालविकास मंत्रालयाने मे 2023 मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू केले आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम दिला. दोन्हींचा आशय बराचसा जुळतो, पण प्रशिक्षण वेगवेगळ्या साखळ्यांतून उतरते. एकाच खोलीत उभ्या असलेल्या दोन व्यक्तींनी दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या पुस्तिकांवरून प्रशिक्षण घेतलेले असते.

दोन्ही मंत्रालयांनी सप्टेंबर 2025 मध्ये अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्यासाठी संयुक्त मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. छत्तीसगडचा बालवाडीचा अनुभव या सूचनांआधी तीन वर्षांचा आहे, आणि तो एवढेच सांगतो की भिंत एक झाली म्हणून वेळापत्रक एक होत नाही.

भाषेचा पेच

सहकार्याची खरी परीक्षा भाषेच्या प्रश्नावर होते. जनगणना 2011 नुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा 30.6 टक्के आहे. शाळेचे माध्यम हिंदी आहे. मधल्या मैदानी भागात छत्तीसगढी बोलली जाते आणि तेथील मूल हिंदीपर्यंत कसेबसे पोहोचू शकते. दक्षिणेत बस्तरमध्ये गोंडी, हलबी, भतरी, धुरवा, दोरली आणि उत्तरेत सरगुजा-जशपूर भागात सरगुजिया, सादरी, कुडुख या भाषा आहेत. यांतील गोंडी आणि कुडुख द्रविड कुळातील असल्याने हिंदीशी त्यांचे नातेच नाही. पाण्याला गोंडीत ‘येर’ म्हणतात, कुडुखमध्ये ‘अम्म’. पहिलीच्या पुस्तकात ‘प’ अक्षराशेजारी पाण्याचे चित्र असेल, तर मूल चित्र ओळखते, शब्द ओळखत नाही, आणि अक्षर तर त्या शब्दावरच उभे असते. वाचन शिकविण्याची जी पद्धत ध्वनी आणि चिन्ह यांच्या नात्यावर आधारलेली आहे, तिचा पायाच येथे निसटतो.

हलबीचे उदाहरण मराठी वाचकांना विशेष लक्षवेधी वाटेल. जुन्या बस्तर संस्थानाची ही संपर्कभाषा. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणात हलबीचा विचार मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात केला. तिच्यातील षष्ठीचा ‘चो’ प्रत्यय ऐकला की मराठी कानाला त्यात आपला ‘चा-ची-चे’ सापडतो. तरीही जगदलपूरजवळच्या हलबीभाषक मुलाच्या वाट्याला येते ते हिंदी पाठ्यपुस्तक, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात त्याच्याच नात्यागोत्यातील गोंड मुलाच्या वाट्याला येते मराठी पाठ्यपुस्तक. दोन राज्यांच्या दोन परिषदा सीमेच्या दोन्ही बाजूंना गोंडीसाठी वेगवेगळे शब्दसंग्रह करतात. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा तिला मान्यतेसाठी न्यायालयापर्यंत झगडावे लागले. आंतरराज्य सहकार्याची निकड कोठे असेल, तर ती येथे आहे.

छत्तीसगडमध्ये या प्रश्नाची राजकीय दखल दोन्ही प्रमुख पक्षांच्या सरकारांनी घेतली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट. छत्तीसगढीला राज्याच्या राजभाषेचा दर्जा नोव्हेंबर 2007 मध्ये, डॉ. रमणसिंह मुख्यमंत्री असताना मिळाला. 26 जानेवारी 2020 रोजी बघेल यांनी प्राथमिक शिक्षण छत्तीसगढी, गोंडी, हलबी, भतरी, सरगुजिया, कोरवा, पांडो, कुडुख, कमारी आदी भाषांतून देण्याची घोषणा केली. सत्तांतरानंतर, जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी जशपूर जिल्ह्यातील आपल्या बगिया गावी झालेल्या प्रवेशोत्सवात 18 स्थानिक भाषांतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे जाहीर केले. पहिल्या टप्प्यात छत्तीसगढी, सरगुजिया, हलबी, सादरी, गोंडी आणि कुडुख या भाषांचा समावेश होता.

या दोन घोषणांच्या मध्ये एक काम झाले, ज्याला प्रसिद्धी कमी आणि महत्त्व अधिक आहे. समग्र शिक्षा कार्यालयाने युनिसेफ आणि लँग्वेज अँड लर्निंग फाउंडेशन यांच्या साह्याने 2021-22 मध्ये राज्यातील जवळपास सर्व शासकीय प्राथमिक शाळांचे भाषिक सर्वेक्षण केले. पहिलीच्या वर्गातील मुले घरी कोणती भाषा बोलतात, त्यांना शाळेची भाषा किती समजते आणि शिक्षकाला मुलांची भाषा किती येते, अशी माहिती शाळानिहाय गोळा करण्यात आली. एखाद्या संपूर्ण राज्याने असे काम हाती घेणे देशात नवे होते. जनगणना भाषकांची संख्या सांगते. अमुक गावच्या पहिलीच्या वर्गात तीन भाषा आहेत आणि शिक्षकाला त्यांतील एकही येत नाही, हे ती सांगत नाही. नियोजनाला लागते ती दुसऱ्या प्रकारची माहिती.

माहिती हाती आली, पण तिचा उपयोग करू शकणारे खाते वेगळे होते. सर्वेक्षण समग्र शिक्षाकडे, द्विभाषिक पुस्तके परिषदेकडे आणि शिक्षकाची पदस्थापना संचालनालयाकडे. पुस्तक गोंडीत छापून गेले आणि शाळेतील शिक्षक बिलासपूर वा दुर्गहून आलेला असला, तर ते पुस्तक कपाटात राहते. भरती आणि बदलीच्या नियमांत मुलांची भाषा येणे हा निकष ठळकपणे आल्याशिवाय सर्वेक्षणाचे तक्ते तक्तेच राहतील. भाषा हा विषय प्रत्येक खात्याच्या भाषणात आहे. तो कोणत्याच खात्याच्या आस्थापनेवर नाही.

जिथे शिक्षकाला मुलांची भाषा येते, तिथे परिस्थिती कशी असते याचे उत्तर बस्तरच्या अंतर्भागात मिळते, आणि ते विचित्र आहे. 2005 नंतरच्या हिंसाचारात बंद पडलेल्या शाळांपैकी 260 शाळा जून 2022 मध्ये पुन्हा उघडण्यात आल्या. त्यांत बिजापूर जिल्ह्यातील 158 आणि सुकमा जिल्ह्यातील 97 होत्या. झोपड्यांतून, ताडपत्रीच्या आडोशाने चाललेल्या या शाळांत शिकविणारे बहुतेक स्थानिक तरुण आहेत. ‘शिक्षादूत’ किंवा ‘ज्ञानदूत’ म्हणून ओळखले जाणारे हे तरुण मुलांची भाषा बोलतात, गावातच राहतात आणि शाळा रोज उघडतात. त्यांची सेवा कायम नाही, मोबदला तुटपुंजा आहे, अध्यापनाचे औपचारिक प्रशिक्षणही अनेकांकडे नाही. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी त्यांच्यापैकी अनेकांची हत्या केली. 2025 मध्येही अशा घटना घडल्या. राज्याच्या भाषाधोरणाला प्रत्यक्षात उतरवू शकणारा सर्वांत जवळचा माणूस शासनाच्या सेवापुस्तकात सर्वांत दूर आहे.

पुस्तक बनवणारे आणि वर्ग घेणारे

शिक्षकांच्या आघाडीवर अलीकडच्या वर्षांत दोन मोठ्या उलथापालथी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी बी.एड. पदवीधारक प्राथमिक शिक्षकपदासाठी पात्र नसल्याचा निर्णय दिला. लहान मुलांना शिकविणे हे वेगळे कौशल्य असून त्याचे प्रशिक्षण डी.एल.एड. अभ्यासक्रमात मिळते, हा त्यामागचा विचार होता. पायाभूत शिक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय तत्त्वतः महत्त्वाचा. छत्तीसगडमध्ये त्याचा फटका बसला तो बस्तर आणि सरगुजा विभागांत मोठ्या संख्येने नेमल्या गेलेल्या सहायक शिक्षकांना. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सुमारे 2,900 शिक्षकांची सेवा संपुष्टात आली. नवा रायपूरमध्ये महिनोन्महिने आंदोलन चालले. अखेर एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्यापैकी 2,621 जणांना सहायक शिक्षक (विज्ञान प्रयोगशाळा) या पदावर सामावून घेण्याचा निर्णय घेतला. तरुणांचा प्रश्न सुटला. ज्या प्राथमिक शाळांतून ते गेले, तेथील पहिली-दुसरीच्या वर्गांचा प्रश्न स्वतंत्रपणे उरला.

दुसरी घटना ‘युक्तियुक्तकरणा’ची, म्हणजे शाळा आणि शिक्षकांच्या फेररचनेची. राज्य सरकारने 2025 च्या उन्हाळ्यात दिलेल्या आकडेवारीनुसार 212 प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि 6,872 प्राथमिक शाळा एकशिक्षकी होत्या, तर शहरांलगतच्या शाळांत अतिरिक्त शिक्षक होते. हा असमतोल दूर करण्यासाठी 10,463 शाळांचे समायोजन करण्यात आले. यांपैकी 10,297 शाळा एकाच आवारातील असल्याने त्यांचे केवळ प्रशासन एकत्र आले. कमी पटसंख्येमुळे प्रत्यक्ष अन्यत्र जोडलेल्या शाळा 166 आहेत, असे सरकारचे म्हणणे. शिक्षकविहीन शाळा आता उरली नाही आणि एकशिक्षकी शाळांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली, असा दावाही करण्यात आला. शिक्षक संघटनांनी 2008 च्या पदरचनेचा हवाला देत विरोध केला. प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकासह दोनच शिक्षक ठेवणे म्हणजे पाच इयत्ता दोघांवर टाकणे होय, हा त्यांचा आक्षेप.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक येणे हा पहिलीतील मुलासाठी कोणत्याही नव्या अभियानापेक्षा मोठा लाभ आहे. परंतु पाच इयत्तांसाठी दोन शिक्षक, त्यांतील एकाकडे मुख्याध्यापकपदाचे कागद आणि आवारात बालवाडी असेल तर तिची अर्धी जबाबदारी, असा हिशेब मांडला, की ‘निपुण’ने अपेक्षिलेला भाषेचा रोजचा अखंड तास कोठे बसवायचा, हा प्रश्न उभा राहतो. संचालनालय पटसंख्येवरून शिक्षक मोजते. परिषद इयत्तांवरून तास मोजते. या दोन गणितांचा मेळ कोणत्याही संयुक्त आदेशात दिसत नाही.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत समन्वय कोठे तुटू शकतो, हे सप्टेंबर 2024 मध्ये रायपूर जिल्ह्यातील सिलयारी भागात दिसले. तेथील एका कागद कारखान्यात चालू सत्राची कोरी सरकारी पाठ्यपुस्तके रद्दी म्हणून पोहोचल्याचे उघड झाले. चौकशी झाली, राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले. मूळ कारण मागणीच्या आकड्यांत शोधायला हवे. पुस्तकांची मागणी पटसंख्येवरून ठरते, पटसंख्या शाळा कळवतात, छपाई निगम करते आणि शिल्लक साठ्याचा हिशेब जिल्ह्यात विरतो. पुढच्या वर्षी पुस्तकांवर बारकोड आले. त्यामुळे प्रत्येक प्रत कोठे गेली हे कळू लागले, परंतु स्कॅनिंगच्या कामामुळे वाटपाला विलंब झाल्याच्या तक्रारीही त्याबरोबर आल्या. त्याच 2025-26 या सत्रात पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावीची पुस्तके नव्या राष्ट्रीय आराखड्यानुसार बदलण्यात आली होती. नवे पुस्तक, नवी वाटप पद्धत आणि नव्या शाळेत आलेला शिक्षक, हे तिन्ही एकाच जूनमध्ये एकत्र आले.

अंगणात बसलेली आई

यंत्रणेच्या या गुंत्यात एक उपक्रम वेगळा उठून दिसतो. करोनाकाळात, एप्रिल 2020 मध्ये राज्याने ‘पढई तुंहर दुआर’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. छत्तीसगढीत त्याचा अर्थ ‘शिक्षण तुमच्या दारी’. मोबाइल नसलेल्या घरांपर्यंत ते पोहोचणार नाही, हे लवकरच ध्यानात आले आणि शिक्षकांनी वस्त्यांतून मोहल्ला वर्ग भरविले, काही गावांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविले. त्या धांदलीतून 2021 मध्ये ‘अंगना म शिक्षा’ पुढे आले. शिक्षिकांनी गावात मेळावे घेतले आणि आयांना दाखविले की भाजी निवडताना वर्गीकरण, पोळ्या लाटताना आकार, कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठे, असे पूर्वतयारीचे शिक्षण घरातच होऊ शकते. प्रथम संस्थेचे साह्य, समग्र शिक्षाचा पाठिंबा आणि शिक्षिकांचा पुढाकार यांतून तो वाढला. महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गटांनी केलेले काम याच जातीचे.

या उपक्रमाचे बळ असे की त्यात भाषेचा अडसर उरत नाही. आई मुलाशी घरच्याच भाषेत बोलते. त्याची मर्यादा आईच्या साक्षरतेत आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याचा साक्षरता दर 70.28 टक्के होता, पण स्त्रियांचा 60.24 टक्के. ‘उल्लास’ नवसाक्षरता कार्यक्रमाखाली प्रौढांना शिकविणाऱ्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत बोनस गुण देण्याची सवलत छत्तीसगडने आणली. साक्षरता प्राधिकरण आणि माध्यमिक शिक्षण मंडळ अशा दोन भिन्न संस्थांनी एका निर्णयावर येण्याचे ते चांगले उदाहरण आहे. मात्र ‘उल्लास’मध्ये शिकणारी स्त्री आणि ‘अंगना म शिक्षा’च्या मेळाव्यात बसलेली आई बहुधा एकच असते, याची दखल दोन्ही कार्यक्रमांच्या नोंदींत घेतली जात नाही. तिचे नाव एका यादीत निरक्षर प्रौढ म्हणून आणि दुसऱ्या यादीत पालक म्हणून येते.

पालकांच्या मनातील ओढही धोरणकर्त्यांना सोयीची नाही. 2020 पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळांना राज्यभर मागणी आली आणि प्रवेशासाठी सोडती काढाव्या लागल्या. घरच्या भाषेतून पाया, हे शिक्षणशास्त्राचे म्हणणे एका बाजूला आणि पहिलीपासून इंग्रजी, ही पालकांची अपेक्षा दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रात 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर शासनाला जूनअखेर आपले निर्णय मागे घ्यावे लागले. तेथे वाद तिसऱ्या भाषेचा होता. छत्तीसगडच्या आदिवासी पालकाचा पेच वेगळा आहे. त्याच्या मुलाला शाळेत पहिलीच भाषा अद्याप मिळालेली नाही आणि मिळालीच तर ती पुढे उपयोगी पडेल का, याची त्याला शाश्वती नाही.

मोजमाप कोणाचे?

निकालांकडे पाहता चित्र संमिश्र आहे. ‘असर’च्या जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 20.9 टक्के होते, ते करोनानंतर 2022 मध्ये 16.3 टक्क्यांवर घसरले आणि 2024 मध्ये 23.4 टक्क्यांवर आले. घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब. तरीही चारांपैकी तीन मुले मागेच आहेत. दुसरीकडे, डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या मुलांची भाषेतील राष्ट्रीय सरासरी 64 टक्के आणि गणितातील 60 टक्के आली. छत्तीसगड 2021 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात राष्ट्रीय सरासरीच्या खाली होता. ‘परख’नंतर राज्य सरकारने प्रगतीचा दावा केला आहे.

ही दोन सर्वेक्षणे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ‘असर’चा स्वयंसेवक घरी जाऊन मुलासमोर एक परिच्छेद ठेवतो. ‘परख’ शाळेत होते. दोन्हींत प्रश्न मात्र शाळेच्या भाषेतच असतो. कुडुखभाषक मूल गोष्ट ऐकून समजते का, तिच्यावर बोलू शकते का, हे यांतील कोणतीच चाचणी विचारत नाही. 18 भाषांतून शिकविण्याचे धोरण आणि एकाच भाषेतून होणारे मोजमाप एकत्र चालणार असेल, तर मोजमापाचीच भाषा वर्गात टिकेल. गुणांकनाच्या दबावाखालील शिक्षकाकडून वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही.

2026-27 मध्ये तिसरीत बसणारे मूल 2023-24 मध्ये बालवाडीच्या वयाचे होते आणि 2024-25 मध्ये पहिलीत आले. त्या वर्षीच्या प्रवेशोत्सवात त्याने 18 भाषांची घोषणा ऐकली, पण त्याच्या हाती जुने पुस्तक होते. ते दुसरीत गेले तेव्हा पुस्तक बदलले, कदाचित शिक्षकही बदलला. राज्याने ‘निपुण’चा अंतिम अहवाल ज्या मुलांच्या बळावर द्यायचा, ती ही तुकडी. त्यांच्यासाठी आता पाठ्यपुस्तक किंवा भाषाधोरण नव्याने करण्याइतका वेळ उरलेला नाही. संचालनालय, परिषद आणि समग्र शिक्षा यांना एकत्र बसून करता येण्याजोगे आहे ते एवढेच, की भाषिक सर्वेक्षणात सर्वाधिक अडचणीच्या ठरलेल्या शाळांच्या याद्या काढणे आणि तेथे तिसरीच्या वर्गासमोर मुलांची भाषा जाणणारी एक व्यक्ती उभी करणे, मग ती शिक्षक असो, सेविका असो वा शिक्षादूत. त्या याद्या रायपूरमध्ये उपलब्ध आहेत.